सीट नसलेली गाडी

१

व्हर्ना हुबर लाइनच्या शेवटच्या टोकाला उभी असते आणि तयार झालेली व्हॅन चालवत बाहेरच्या अंगणात नेऊन लावते. दार उघडायचं, बसायचं, किल्ली फिरवायची. त्या शुक्रवारी तिनं दार उघडलं, सवयीनं अंग आत टाकलं आणि थेट पत्र्यावर आदळली.

गाडीला चाकं होती, आरसे होते, रेडिओ होता. ड्रायव्हरची सीट नव्हती.

"अरे, कोणी माझं हाड मोडायला बसलंय का इथे?" व्हर्ना ओरडली. मग उठून, कंबर चोळत, तिनं वाकून आत पाहिलं. "आणि सीट कुठाय?"

आजूबाजूचे सगळे पोट धरून हसले. तीस वर्षांत असं कुणी पाहिलं नव्हतं. स्टिअरिंग आहे, ब्रेक आहे आणि चालवणाऱ्यानं उभं राहून चालवायची! बस कंडक्टरसारखं लटकून चालव, असा सल्ला कुणीतरी व्हर्नाला दिला.

हसणं ग्रेडी थॉर्नबरी येईपर्यंत टिकलं. थॉर्नबरी कंपनीतर्फे कामगारांचे तंटे बघतो. बुटका, नीटनेटका माणूस. पाठदुखीचा जुना रोगी असल्यामुळे कुठेही बसला की पाच मिनिटांत चुळबुळ करायला लागतो. त्यानं गाडीत पाहिलं, लाइनकडे पाहिलं आणि म्हणाला, "चोरी. आणि कुणी केली तेही मला कळलंय. एमेट सोबझाकला बोलवा."

आता कुणी हसेना.

२

फॉक्स बेंडच्या आमच्या कारखान्यात त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, बायआउट. कंपनीला माणसं कमी करायची होती. युनियनच्या करारामुळे जुन्या माणसांना सहजासहजी काढता येत नव्हतं, म्हणून तिनं सौदा मांडला. एकरकमी पैसे घ्या, सही करा आणि नोकरी सोडा. अट अशी, की शेवटच्या दिवशी शिफ्ट संपल्याची घंटा होईपर्यंत माणूस नोकरीत हवा. त्याआधी त्याला काढून टाकलं, तर सौदा रद्द.

ड्रायव्हरची सीट बसवणाऱ्या एमेटचा शेवटचा दिवस म्हणजे तोच शुक्रवार. बायआउटच्या पैशांवर त्यानं उत्तरेत एका तळ्याकाठी दुकान घेतलं होतं. गळ, दोऱ्या, जिवंत गांडुळं असला माल. त्याची बायको लुएला आधीच तिथे जाऊन खिडक्यांना पडदे लावून बसली होती.

"प्रोफेसर, चल," ओडेसा प्रुइट आमच्या रंगाच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाली. "आणि तुझं ते भिंग घे."

मी रंगाच्या थरांची जाडी मोजते, एवढ्यावरून सगळे मला प्रोफेसर म्हणतात. ओडेसा आमच्या विभागाची युनियनची प्रतिनिधी. कंपनीनं कुणाला जाब विचारायला बोलावलं, की त्याच्या बाजूनं तिनं बसायचं, असा करारच आहे. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. तिनं बी चावायचं थांबवलं, की समोरच्यानं जपून बोलावं.

"एमेटनं चोरली असेल?" मी चालता चालता विचारलं.

"एमेट कँटीनमधला चमचासुद्धा परत नेऊन ठेवतो."

"मग तो बोलत का नाही?"

"तेच तर," ओडेसा म्हणाली आणि बी चावायची थांबली.

चौकशी लाइनशेजारच्या आमच्या बसायच्या जागेतच चालली होती. तिथे लाकडी चौकटींवर ठोकलेल्या जुन्या रद्द सीटांची रांग आहे. त्यांच्यावर कुणाकुणाच्या घरून आलेल्या गोधड्या टाकलेल्या. बसलं की माणूस खोल रुततो आणि गुडघे हनुवटीला येतात. त्या दिवशी निरोपाचं जेवण असल्यामुळे टेबलावर विजेची भांडी ओळीनं रटरटत होती. मिरची घातलेला राजमा-खिमा, आंबट कोबीत शिजवलेले सॉसेज, रेनाटाच्या आईनं केलेले मक्याच्या सालात बांधलेले तमाले. अशा वासात कुणाला चोर ठरवणं अवघड असतं, पण थॉर्नबरीचा प्रयत्न चालू होता.

तो भिंतीकडच्या सीटवर बसला होता. पलीकडे लूबो ह्रिनिव हा धिप्पाड इलेक्ट्रिशियन, आणि समोर हाताची घडी घालून उभा असलेला एमेट.

"साहेब, तुम्ही या स्टुलावर बसा," लूबो म्हणत होता. "ती सीट मोडकी आहे. पाठीला बरी नाही."

"माझ्या पाठीची काळजी मी करीन," थॉर्नबरी म्हणाला आणि जास्तच रेलून बसला. मग ओडेसाकडे वळला. "ये. हिशेब सोपा आहे. सीटा बाहेरून ट्रकनं येतात, गाड्यांच्या क्रमानंच. निळ्या गाडीमागून पांढरी येणार असेल, तर निळीच्या सीटेमागं पांढरीची. बरोबर?"

"बरोबर."

"मध्येच कुणी एक सीट उचलली, तर रॅकमधली जागा रिकामी दिसणार. ती पहिल्यांदा कुणाला दिसणार? सीट बसवणाऱ्याला. त्यानं दोरी ओढायची, लाइन थांबवायची, बोंब मारायची. यानं दोरी ओढली नाही. आणि पुढच्या प्रत्येक गाडीत आपापली सीट अगदी बरोबर बसली आहे. म्हणजे मधली एक गेली हे याला ठाऊक होतं. वर व्हॅनची सीट मासेमारीच्या होडीत किती छान बसते, हे या राज्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि हा उद्यापासून काय विकणार? गांडुळं!"

मला वाईट वाटलं, कारण होडीचा भाग सोडला तर तर्क चोख होता.

"एमेट?" ओडेसानं विचारलं.

"मी चोरली नाही."

"मग झालं काय?"

"मी चोरली नाही," एमेट म्हणाला. "बाकी मला काही बोलायचं नाही, सिस्टर प्रुइट."

आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. 'ब्रदर' आणि 'सिस्टर' निघतं ते युनियनच्या सभेत, नाहीतर भांडणात. तीस वर्षांच्या ओळखीनंतर एमेटनं तिला सिस्टर प्रुइट म्हटलं, तेव्हा मधलं दार त्यानं लावून घेतलंय हे ओडेसाला कळलं.

"शिफ्ट संपेपर्यंत थांबतो," थॉर्नबरी म्हणाला. "घंटेच्या आत सीट मिळाली नाही, तर बडतर्फीच्या कागदावर सही करणार. मग बायआउट विसरा."

३

"रेनाटापासून सुरू करू," ओडेसा म्हणाली.

रेनाटा विलासेन्योर एमेटच्या समोर, गाडीच्या उजव्या बाजूला, शेजारच्या प्रवाशाची सीट बसवते; आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. तिशीतली, बडबडी, दोन मुलांची आई. नोकरीत नवी म्हणावी अशी, आणि उशिरा आल्याबद्दलची एक ताकीद तिच्या नावावर आधीच होती. आम्ही गेलो तेव्हा ती एका हातानं सीट आत सरकवत होती आणि दुसऱ्यानं बोल्ट पिळायचं यंत्र ओढत होती. लाइन कुणासाठी थांबत नाही, म्हणून गाडीबरोबर पावलं टाकतच बोलावं लागलं.

"ती गाडी गेली तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. आणखी कुठे असणार?"

"एमेटला पाहिलंस?"

"हो... म्हणजे, तो त्याच्या बाजूला, मी माझ्या. मध्ये अख्खी गाडी असते ना, ओडेसा!" तिनं बोल्ट आवळले, कानावरचा पिवळा मार्कर काढून प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एक तिरकी रेघ मारली आणि पुढच्या गाडीकडे धावली. बोल्ट आवळला याची ती खूण. "तो चोर नाही हं! एवढं लिहून घे!"

तिचे डोळे ओले होते. मी ते ओडेसाला सांगितलं.

"कांद्यानं नसणार," ओडेसा म्हणाली. "चल, लूबोकडे."

इलेक्ट्रिशियन लोकांचं काम म्हणजे काही बिघडेपर्यंत वाट पाहणं. आणि वाट पाहायची तर पत्ते लागतात. आमच्या भागात पत्ते म्हणजे युकर. दोघांविरुद्ध दोघे, शाळेपासून सगळे तेच खेळतात.

"त्या वेळेला आम्ही खेळत होतो," लूबो म्हणाला. "मागच्या खोलीत. मी, ऑटो आणि गॅरिक."

"आणि?"

"आणि काय? मी हरत होतो. ऑटो लबाड आहे."

"जोडीला कोण होतं तुझ्या?"

लूबोनं पॉपच्या, म्हणजे गोड सोड्याच्या, बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "जोडीला असं... आम्ही तिघेच होतो."

"तिघांत युकर?"

"जमवलं कसंतरी."

"लूबो," ओडेसा म्हणाली, "मी चर्चमध्ये युकर खेळले आहे, इस्पितळात खेळले आहे, संपाच्या वेळी बर्फात पिंपावर फळी टाकून खेळले आहे. तिघांत खेळणारा माणूस मला अजून भेटायचाय."

"ओडेसा, मला तार बदलायला जायचंय."

"कुठली?"

"सापडेल एखादी," लूबो म्हणाला आणि जवळजवळ पळालाच.

आम्ही बसायच्या जागेत परतलो तेव्हा थॉर्नबरी अजून त्याच सीटवर बसून खिमा खात होता. शेजारी लूबो येऊन बसला होता, तार न बदलताच. थॉर्नबरीचं डोकं आणि लूबोचा कान एका रेषेत होते. काहीतरी खटकलं, पण काय ते मला सांगता येईना.

"तुम्हाला शेवटचा कधी दिसला एमेट?" ओडेसानं थॉर्नबरीला विचारलं.

"मला? मी आज सकाळी फेरी मारली की. बायआउटवाल्या प्रत्येकाला भेटलो, कंपनीतर्फे टोपी दिली, हात मिळवला. माणुसकी म्हणून." तो खरोखर दुखावला होता. "सोबझाकशी मी दोन मिनिटं बोललो, लुएलाची चौकशी केली. तिथे उजव्या दाराशी, अगदी मोकळेपणानं. आणि त्यानंतर लगेच यानं कंपनीची सीट पळवावी?"

ओडेसाच्या हातातली बी तोंडापाशी थांबली.

"उजव्या दाराशी," ती म्हणाली.

"हो. का?"

"काही नाही. खिमा झकास आहे ना?" आणि माझा दंड धरून तिनं मला बाहेर अंगणाकडे ओढलं.

४

बाहेर थंडी होती. तयार व्हॅनच्या रांगा लावलेल्या होत्या, त्या दिवशीच्या सगळ्या, ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं.

"मला सांग, प्रोफेसर. एमेट डाव्या बाजूचा माणूस. तो उजव्या दाराशी काय करत होता?"

"हात मिळवायला आला असेल."

"लाइन चालू असताना? गाडीला वळसा घालून? साहेब त्याच्याकडे आले होते, तो साहेबांकडे गेला नव्हता. तो आधीच तिथे होता." तिनं एका व्हॅनचं दार उघडून मार्करच्या खुणांकडे बोट केलं. "एमेट डावखुरा आहे. रेनाटा उजव्या हाताची. बघ तुझ्या भिंगातून."

भिंगाची गरज नव्हती, पण मी ते वापरलं, कारण आणलं होतं. रेनाटाची रेघ उजवीकडे झुकायची, खाली जाड आणि वर बारीक. एमेटची डावीकडे झुकायची. एका गाडीवरून काही ठरवू नये म्हणून मी बऱ्याच गाड्यांची दोन्ही दारं उघडली. मग थंडीही विसरले.

"ओडेसा! हे तर पट्ट्यापट्ट्यांनी आहे! इथून इथपर्यंत दोन्ही बाजूंना एमेटच्या रेघा. मग तिथपर्यंत दोन्ही बाजूंना रेनाटाच्या. मग परत एमेटच्या. याचा अर्थ..."

"याचा अर्थ आळीपाळी," ओडेसा शांतपणे म्हणाली. "अर्धा तास एकानं दोघांचं काम करायचं, दुसऱ्यानं पाय पसरायचे. मग उलट. लाइनवर हे माझ्या जन्माआधीपासून चालतं. कंपनीला कळलं तर दोघांवरही कारवाई. तू जे पाहिलंस ते विसरून जा."

"इतकी सुंदर आकडेवारी?"

"विसर."

मग आम्ही ढकलत बाहेर आणून ठेवलेल्या बिनसीटेच्या गाडीपाशी गेलो. तिच्या उजव्या सीटेच्या बोल्टांवर एमेटच्या रेघा होत्या. डाव्या बाजूला रिकामी भोकं, पिवळ्या रंगाचा ठिपकाही नाही.

मी तिथेच उभी राहून जुळवणी केली. लूबोच्या डावातला चौथा गडी म्हणजे रेनाटा. तेव्हा मोकळं राहायची पाळी तिची होती आणि एमेट एकटा दोन्ही बाजू सांभाळत होता. त्यानं उजवी सीट बसवली, वळसा घालून डावीकडे निघाला, आणि तेवढ्यात थॉर्नबरीनं त्याचा हात धरला. टोपी, लुएला, तळं. लाइन सरकत राहिली. एमेट मोकळा झाला तोवर त्या गाडीचं दार पुढच्या माणसानं लावूनही टाकलं होतं, आणि रॅकमध्ये तिची सीट तशीच उभी.

"कुणीच चोरली नाही," मी म्हणाले. "ती चुकली!"

"हं. आणि ती तशीच रॅकमध्ये राहिली असती, तर पुढच्या सगळ्या गाड्यांना मागच्या गाडीची सीट लागली असती. म्हणून त्यानं ती बाजूला काढली आणि बाकीच्या बरोबर बसवल्या. दोरी ओढता येत नव्हती. ओढली असती तर फोरमन धावत आला असता आणि रेनाटा जागेवर नाही हे दिसलं असतं."

"मग सीट गेली कुठे?"

"ते मात्र मला माहीत नाही," ओडेसा म्हणाली. "कारखान्याच्या बाहेर तर गेलेली नाही. फाटकावर जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतात."

कुठे लपेल एवढी मोठी सीट? आणि तेव्हा मला मघाशी काय खटकलं होतं ते कळलं.

"ओडेसा, थॉर्नबरी किती उंच आहे?"

"उंच? तो माझ्या खांद्याला लागतो."

"आणि लूबो दाराला डोकं आपटतो. मग शेजारी शेजारी बसल्यावर दोघांची डोकी एका रेषेत कशी? त्या सगळ्या सीटा तितक्याच जुन्या. फोम वर्षानुवर्षं दबून भाकरीसारखा झालेला. त्यांच्यावर बसून थॉर्नबरी लूबोइतका उंच दिसायचा, तर त्याच्याखालचा फोम दबलेला नसणार. आणि तो सकाळपासून एकदाही चुळबुळला नाहीये."

 ओडेसानं त्या व्हॅनच्या छपरावर हात टेकला आणि खांदे हलवत हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

५

एमेट आणि रेनाटाला ओडेसानं पॉपच्या यंत्रामागं गाठलं. जेवणाची सुट्टी होती. दोन वाक्यांत तिनं सगळं सांगितलं. रेनाटा भिंतीला टेकली.

"मीच नेली ती तिकडे, लूबोच्या मदतीनं," ती म्हणाली. "मोडकी काढून तिच्या चौकटीवर ठेवली, वर गोधडी टाकली. ठरवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबली की पुढे जाऊन गुपचूप बसवून टाकू. गाडी त्याआधीच व्हर्नापाशी पोचेल असं कुणाला वाटलं होतं? आणि तो माणूस नेमका त्याच सीटवर जाऊन बसला! मी जाते, सांगते त्याला. मी पत्ते कुटत होते आणि हा माझ्यापायी चोर ठरतोय."

"तू गप्प बस," एमेट म्हणाला. "तुझ्या नावावर एक ताकीद आहे. दुसरी आली की घरी. पोरांना काय, पत्ते खायला घालशील?"

"आणि लुएला? ती पडदे लावून बसलीय ना!"

"एमेट," ओडेसा म्हणाली, "रेनाटाचं नाव न घेताही तुला सुटता येतं. सीट कारखान्यात आहे, म्हणजे चोरी नाही. तू फक्त म्हण, माझ्याकडून चुकली. चुकलेल्या सीटेसाठी कुणाला काढत नाहीत. हे तुला सकाळीच माहीत होतं. मग का नाही म्हणालास?"

एमेटनं टोपी काढली, कंपनीनं दिलेली नवी, आणि तिच्याकडे बघत राहिला.

"लोक काय म्हणतात माझ्याबद्दल?" त्यानं विचारलं.

"एमेटची सीट चुकत नाही."

"तीस वर्षं म्हणतात. नव्या पोरांना दाखवायला आणतात मला, प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलासारखं. आणि आज, शेवटच्या दिवशी, मी उभं राहून सांगू की एक अख्खी सीट विसरलो? बोल्ट नव्हे, सीट! चोर म्हणाले तर निदान हुशार तरी म्हणतील, ओडेसा."

"हुशार चोर. बिनपैशाचा, बिनदुकानाचा."

"तुला हसायला येतंय."

"नाही, रडायला येतंय. पण वेळ नाही." तिनं त्याच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली. "मी थॉर्नबरीला सीट दाखवू शकते. ती चुकली कशी, तेही सांगू शकते. पण 'मी चुकलो' हे मी तुझ्या वतीनं म्हणू शकत नाही. करारात तसं कलम नाही. ते तुलाच म्हणावं लागेल."

बाहेर लाइन सुरू झाल्याचा भोंगा वाजला. एमेट आपल्या जागेवर निघून गेला.

६

शिफ्ट संपत आली तेव्हा थॉर्नबरीनं कागद काढून मांडीवर घेतला. त्याच सीटवर. लूबो एव्हाना पांढरा पडला होता. एमेटच्या जागी फोरमननं बदली माणूस उभा केला होता आणि एमेट समोर येऊन उभा राहिला होता. रेनाटा लाइनवरून मान वळवून वळवून बघत होती.

"मिस्टर थॉर्नबरी," ओडेसा म्हणाली, "पाठ कशी आहे आज?"

"पाठ?" तो गोंधळला. "बरी आहे. खरं तर फारच बरी आहे. का?"

"जरा उठता का?"

तो उठला. ओडेसानं गोधडी ओढली. खाली कोरी करकरीत, राखाडी रंगाची, प्लास्टिकचं वेष्टनही न काढलेली व्हॅनची सीट होती.

कुणीतरी खोकला. लूबोनं छताकडे पाहिलं.

"म्हणजे मी सकाळपासून..." थॉर्नबरी म्हणाला.

"चोरीच्या मालावर बसला आहात. म्हणजे, ती चोरी असेल तर. पण सीट कारखान्यातच आहे, लाइनपासून हाकेच्या अंतरावर, आणि कंपनीचा अधिकारी तिच्यावर दिवसभर पहारा देतोय. याला चोरी म्हणणारा न्यायाधीश मला तरी माहीत नाही."

थॉर्नबरी लाल झाला, पण मूर्ख नव्हता. "ठीक. चोरी नाही. पण ही गाडीत का नाही? आणि इथे का आहे?"

ओडेसानं बी चावायचं थांबवलं. ती एमेटकडे बघत राहिली. आम्ही सगळेच बघत राहिलो. विजेच्या भांड्यांतलं रटरटणंही ऐकू येत होतं.

एमेटनं एकदा लाइनकडे पाहिलं. रेनाटाचे हात चालू होते, पण नजर इकडेच होती. त्यानं घसा साफ केला.

"चुकली," तो म्हणाला.

"काय?"

"सीट चुकली. माझ्याकडून." आवाज इतका चढला, की लूबोच्या पलीकडच्यांनाही ऐकू गेलं. "मी एक अख्खी सीट बसवायची विसरलो. लाज वाटली म्हणून दोरी ओढली नाही. चोरलेली नाही, विसरलो. झालं समाधान?"

 थॉर्नबरीनं हळूच विचारलं, "तुमच्याकडून? कशी काय?"

"याचं उत्तर मी देते," ओडेसा म्हणाली. "ती गाडी समोरून जात असताना कुणीतरी एमेटचा हात धरून उभं होतं. टोपी देत होतं. लुएलाची चौकशी करत होतं. लाइन चालू असताना काम करणाऱ्या माणसाला अडवू नये, हा नियम कंपनीनंच भिंतीवर लावलाय, पॉपच्या यंत्राच्या वर, लाल अक्षरात. अहवाल लिहायचा तर सगळा लिहू. कोण विसरलं, आणि कोणी विसरायला लावलं."

 थॉर्नबरीच्या कपाळावर एक आठी आली. "थांब. मी याला भेटलो ते तर उजव्या..." त्यानं लाइनकडे पाहिलं. उजव्या बाजूला रेनाटा बोल्ट आवळत होती. तिच्या हातातला मार्कर खाली पडला.

ओडेसानं त्याच्यासमोर ताट धरलं. "तमाले. गरम आहेत."

तो रेनाटाकडे बघत राहिला. मग एमेटकडे.  थॉर्नबरीचे वडीलही याच कारखान्यात दारं बसवायचे, हे मला नंतर कळलं.

"कुठल्या बाजूला भेटलो ते आता आठवत नाही," थॉर्नबरी शेवटी म्हणाला. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि एक तमाले उचलला. "साल काढून खायचं ना हे?"

"हो, साहेब! साल काढून!" लाइनवरून रेनाटा किंचाळली.

पुढे सगळं भराभर झालं. लूबो आणि एमेट सीट उचलून अंगणात घेऊन गेले. व्हर्नानं दार उघडून धरलं आणि आपल्या कंबरेबद्दल चार शब्द सुनावले. एमेटनं सीट आत सरकवली, बोल्ट आवळले, डाव्या हातानं रेघा मारल्या. मग प्रत्येक बोल्ट पुन्हा हातानं हलवून पाहिला.

तेवढ्यात शिफ्ट संपल्याची घंटा झाली. बायआउट पक्का झाला.

आमच्याकडे जाणाऱ्याला टाळ्या वाजवत नाहीत, लोखंड वाजवतात. एमेट लाइनच्या कडेनं फाटकाकडे निघाला, तशी पाने, हातोड्या, रिकामी पिंपं, जे हाताला लागेल ते सगळे बडवायला लागले. लूबो शिडीवर चढून पाइपवर हातोडी हाणत होता. एक नवा पोरगा ओरडला, "ए एमेट, काही विसरला नाहीस ना?" आणि सगळे पुन्हा पोट धरून हसले. मी एमेटकडे पाहिलं. मला वाटलं, याला आता लागणार.

पण एमेट मागं वळून म्हणाला, "विसरलो! तुला दोन लाथा घालायच्या राहिल्या!" आणि त्या गोंगाटात सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

फाटकापर्यंत ओडेसा आणि मी त्याच्याबरोबर गेलो.

"वाईट वाटतंय?" ओडेसानं विचारलं.

"मघाशी वाटलं." त्यानं आपल्या गाडीचं दार उघडलं. "तुला सांगू? तीस वर्षं मी रात्री झोपायच्या आधी दिवसभराच्या सीटा मनात परत बसवायचो. एखादी राहिली तर नाही ना म्हणून. लुएला म्हणायची, गादीवर बोल्ट आवळतोस तू. आज राहिली एक. राहिली आणि काही झालं नाही."

"व्हर्नाची कंबर सोडून."

"व्हर्नाची कंबर सोडून," एमेट म्हणाला, आत बसला आणि सीट मागं सरकवून पाय लांब केले. "आज झोपेन मी."